ज्वारीचे बीजांकुरण : प्रकाश व जनुकनियमन

मातीखालच्या अंधारातून उजेडात येताना ज्वारीच्या कोंबाची वाढ, रंग व घडण यांत होणारा, जनुकांच्या नियमनातून घडणारा बदल.

पेरणी व उगवण : सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुका ‘ज्वारीचे कोठार’ म्हणून ओळखला जातो. येथील ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मालदांडी हा तिचा प्रसिद्ध वाण. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काळ्या, भारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर पेरतात. वरचा थर लवकर सुकतो, म्हणून बी सुमारे ५ सेंमी. खोल, ओलीला टेकेल असे पडावे लागते. तेथे उजेड पोहोचत नाही. मातीत तो काही मिलिमीटरच शिरतो.

अंधारातील वाढ : बी आणि कोंब यांच्यामधला दांडा, म्हणजे मेसोकोटाइल, झपाट्याने लांबतो. कोवळी पाने कोलिओप्टाइल या आवरणात गुंडाळलेली, पिवळट राहतात. बियातील साठा उंची गाठण्यावर खर्च होतो. हरितद्रव्य बनत नाही. या काळात ‘पिफ’ प्रथिने अंधारातल्या वाढीची जनुके चालू ठेवतात, तर ‘कॉप-१’ हे प्रथिन उजेडातील वाढीला लागणारे ‘एचवाय-५’ नष्ट करवते.

उजेडाचा संकेत : कोंबाचे टोक पृष्ठभागाशी येताच फायटोक्रोम हे रंगद्रव्य-प्रथिन तांबडा प्रकाश (सुमारे ६६० नॅनोमीटर) शोषून सक्रिय होते व पेशीकेंद्रकात जाते. पिफ प्रथिने मोडली जातात, कॉप-१ निष्प्रभ होते, एचवाय-५ साठते आणि हजारो जनुकांचे काम बदलते. मेसोकोटाइलची वाढ थांबते, पाने उलगडून हिरवी होतात. त्यामुळे बी उथळ पडो वा खोल, वाढीचा बिंदू पृष्ठभागाच्या जरासा खालीच राहतो. कायमची मुळे तेथूनच फुटतात. तो थर कोरडा असेल तर ती धरत नाहीत आणि रोप बियाच्या मुळावरच तग धरते.

संशोधन : बोर्थविक, हेंड्रिक्स व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर तांबड्या व अतितांबड्या प्रकाशाचे उलटसुलट परिणाम दाखवले. मार्टेन कूर्नीफ यांनी १९८० मध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीकुळातील रोपाचे, उजेडातही लांबच राहणारे उत्परिवर्ती प्रकार वर्णिले. वर दिलेला जनुकक्रम मुख्यत्वे याच वनस्पतीत उलगडला. ज्वारीतील ‘मा-३’ हे जनुक फायटोक्रोम-बीचे असल्याचे १९९७ मध्ये सिद्ध झाले. ते बिघडलेली रोपे उंच, सडपातळ वाढतात व लवकर फुलतात.

शेतीतील महत्त्व : दाट उगवलेल्या रोपांत शेजारच्या पानांवरून परतणारा अतितांबडा प्रकाश फायटोक्रोमला निष्क्रिय करतो, रोपे सावली टाळण्यासाठी किडकिडीत व उंच होतात. वेळेवर विरळणी केल्यास हा संकेत कमी होतो आणि जमिनीतील मोजकी ओल उरलेल्या रोपांना पुरते.