मैदानातून माइककडे : विजय मर्चंट आणि बोलणारा खेळाडू



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस खेळावर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. म्हणून आधी आमचा प्रश्न मांडतो. खेळाडूचं शरीर चाळिशीच्या आत-बाहेर थकतं. त्याला खेळातून जे कळलेलं असतं, ते मात्र थकत नाही. मग त्या कळण्याचं पुढं काय होतं?

आपल्याकडे आँखों देखा हाल सांगणारा पहिला माणूस म्हणजे संजय. त्याला दिव्यदृष्टी व्यासांनी दिली. खेळाडूनं निवेदक व्हायचं तर ती दृष्टी त्यानं स्वतः अंगावर चेंडू झेलून कमावलेली असते. इंग्लंडचा गॅरी लिनेकर 1986 च्या फुटबॉल विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे 6 गोल करून गेला. पुढं 1999 ते 2025 बीबीसीचा ‘मॅच ऑफ द डे’ त्यानंच सादर केला. आपल्याकडे, मुंबईत, ही वाट फार आधी चालून गेलेले गृहस्थ म्हणजे विजय मर्चंट.

मर्चंट यांचा जन्म 12 ऑक्टोबर 1911 चा, गिरणीमालकांच्या घरातला. पण सुखवस्तू घरातला मुलगा एवढंच त्यांचं वर्णन अपुरं होईल. 1932 साली भारताचा संघ पहिली कसोटी खेळायला इंग्लंडला निघाला. त्या वेळी गांधीजी तुरुंगात होते. त्याच्या निषेधार्थ मर्चंट त्या दौऱ्यापासून दूर राहिले. विशीतल्या खेळाडूनं अशी संधी सोडणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

1933 ते 1951 या अठरा वर्षांत त्यांच्या वाट्याला कसोटी सामने आले अवघे 10. मध्ये महायुद्ध झालं, पुढं प्रकृतीनं दगा दिला. तरीही कसोटीत 859 धावा, सरासरी 47.72. प्रथम श्रेणीतली सरासरी 71.64. मोठ्या खेळींच्या जगात याच्या वर फक्त ब्रॅडमन. 1951 मध्ये दिल्लीला, वयाची चाळिशी गाठलेली असताना, त्यांनी 154 धावा केल्या. ती त्यांची सर्वोच्च कसोटी खेळी, आणि शेवटची कसोटीही तीच. क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि खेळ संपला. लोक ‘का थांबलात?’ असं विचारतात तेव्हा थांबावं, ‘कधी थांबणार?’ असं विचारायची वेळ आणू नये, हे वचन त्यांच्या नावावर सांगितलं जातं. त्यांच्या बाबतीत ते खरंही ठरलं.

इथून पुढची गोष्ट आमच्या पिढीची. विविध भारतीवर रविवारी ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ लागायचं. तेव्हाच्या उस्मानाबादेत घरोघरी रेडिओ नव्हते. ज्याच्या घरी असे, त्याच्या ओट्यावर आम्ही जाऊन बसायचो. ब्रेबॉर्न स्टेडियम आम्ही पाहिलेलं नव्हतं, पाहायला मिळेल असंही वाटत नव्हतं. मैदानापुरते आम्ही सगळे आंधळेच होतो, आणि तो आवाज आम्हाला डोळे देत होता. याच मर्चंट यांनी अंध आणि अपंग माणसांना काम मिळावं, मानानं जगता यावं, यासाठी आयुष्यातली कितीतरी वर्षं खर्च केली, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा वाटलं, या दोन कामांमध्ये काहीतरी नातं असलं पाहिजे.

पण बोलणाऱ्यालाही एक दिवस किंमत मोजावी लागते. मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष होते. 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना मतं समसमान पडली. मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत अजित वाडेकरांना दिलं आणि मन्सूर अली खान पतौडींचं कर्णधारपद गेलं. पतौडींच्या चाहत्यांना ते रुचलं नाही. त्याच वर्षी आपण वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकलो. म्हणून निर्णय बरोबर होता, असं म्हणणं सोपं आहे. आमच्या मते तो मर्चंट यांनी निकाल माहीत नसताना घेतला, हे जास्त महत्त्वाचं. निर्णयाची परीक्षा त्या क्षणीच होते. यश हा नंतरचा भाग.

आता भाषेकडे येऊ. मर्चंट यांचं बोलणं आमच्यापर्यंत पोचलं, तरी ते आमचं बोलणं नव्हतं. ते काम मराठीत केलं बाळ ज. पंडितांनी. पंडितही खेळाडूच, महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. आकाशवाणीवरून त्यांनी मराठीत धावतं समालोचन केलं आणि परका खेळ घरचा वाटू लागला. शब्द बघा. ‘गोलंदाज’ म्हणजे मूळचा तोफा डागणारा. तो फारसीतून, लष्करातून आला. ‘पायचीत’मधला ‘चीत’ कुस्तीच्या हौद्यातला. ‘त्रिफळा’ तर थेट वैद्याच्या पुडीतून आला आणि तीन यष्ट्यांवर जाऊन बसला! हे शब्द कुणा एकानं घडवले नाहीत. पण ते लाखो कानांवर घालून रुळवले ते अशा आवाजांनी. 1929 साली जन्मलेले पंडित 2015 मध्ये पुण्यात गेले. ‘तो चेंडू असा खेळला’ एवढं सांगून त्यांचं भागायचं नाही. तो का खेळला, हेही त्यांना सांगता येई, कारण तो प्रसंग त्यांच्या अंगावरून गेलेला होता.

हे सगळं धाराशिवात येऊन का सांगतो आहोत? कारण आपल्या जिल्ह्याचा खेळ खो-खो आहे. इथल्या सारिका काळेनं 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. पळणारी मुलं-मुली आपल्याकडे भरपूर आहेत. पण खांबाजवळ येऊन हुलकावणी देताना पळणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं, बसलेल्या गड्याला खो कधी द्यायचा आणि कधी राखून ठेवायचा, हे आतून सांगणारा आवाज आपल्याकडे कुठे आहे? क्रिकेटला तो मिळाला, म्हणून तो ओट्यावरच्या पोरांपर्यंत पोचला.

खो-खोचा एक नियम तुम्हाला ठाऊक आहे. नुसता पाठीला हात लावून भागत नाही. ‘खो’ हा शब्द मोठ्यानं उच्चारावा लागतो, तेव्हाच पुढचा गडी उठतो. या सभागृहात खो-खो खेळलेले बरेच जण बसले आहेत. गुडघे दुखायला लागलेत, पळणं संपलंय, हे आम्हाला दिसतं आहे. आमची विनंती एवढीच, की शाळेच्या मैदानावर सामना असेल तेव्हा कडेला गप्प उभे राहू नका. माइक मागून घ्या आणि बोला.