इंजिनाचा दम

‘दम’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. तिकडे त्याचा मूळ अर्थ श्वास. आपण मराठी माणसांनी या एका शब्दाला किती कामांना जुंपले आहे! जिना चढताना दम लागतो, हट्टी मुलाला दम दिला जातो, घाई करणाऱ्याला ‘जरा दमानं घे’ म्हणतात आणि कार्ले खिंडीत मागे पडलेल्या गाडीबद्दल ‘हिच्यात दम नाही’ असा शेरा मारला जातो. हा शेवटचा शेरा शास्त्रालाही मान्य होण्यासारखा आहे. इंजिन किती ताकद देणार हे ते किती श्वास घेते यावर ठरते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे असते. हवा जास्त कोंबणे अवघड.

आता कवितेच्या माणसाने इंजिनाच्या गोष्टी का सांगाव्यात, असे तुम्ही विचाराल. कारण मी रायगडच्या किनाऱ्यावर राहतो. शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुंबई-पुण्याच्या गाड्या आमच्याकडे वळतात. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू सुरू झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. या गाड्यांबरोबर एक नवा नाद आला. गाडीचा टर्बो ‘वाढवून’ घ्यायचा. आमच्या गावातली मुलेही आता हाच प्रश्न विचारतात, ‘किती पौंडांपर्यंत चालेल?’ प्रश्न नवा वाटतो, पण तो शंभर वर्षांचा आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासात वेगवेगळ्या माणसांनी भरपूर किंमत मोजून लिहून ठेवले आहे.

टर्बो म्हणजे काय, हे आधी पाहू. लोहाराचा भाता आठवा. कोळसा तोच, पण भात्याने वारा घातला की लोखंड पांढरे होते. टर्बोही भाताच आहे, फक्त तो चालवायला माणूस लागत नाही. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक छोटे चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरे चाक असते, ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलते. वाया जाणाऱ्या धुरालाच कामाला लावायचे, ही कल्पना आल्फ्रेड ब्युची या स्विस अभियंत्याची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले.

पण ही युक्ती मुळात कोणासाठी होती? ज्याला हवा कमी पडते त्याच्यासाठी. विमान उंच गेले की हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागते. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने एक विमानाचे इंजिन चौदा हजार फुटांवरच्या पाइक्स पीक शिखरावर नेले. समुद्रसपाटीला साधारण ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर सव्वादोनशेच्या आसपास आले. टर्बो जोडल्यावर त्याच शिखरावर ते पुन्हा साडेतीनशेच्या वर गेले. म्हणजे टर्बोने गेलेला दम परत आणला. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ही तर समुद्राला लागून असलेली गावे. इथे हवा सगळ्यात दाट, दर चौरस इंचाला १४.७ पौंड. इथे टर्बो लावायचा म्हणजे भरल्यापोटी आणखी वाढायचे. म्हणून किती वाढायचे हा प्रश्न येतो.

टायरवाल्याकडे आपण ‘तीस पौंड हवा भर’ म्हणतो, तेच हे पौंड. टर्बो सात पौंड दाब देतो म्हणजे बाहेरच्या हवेवर जवळजवळ निम्मा दाब जास्त. सायकलचा पंप जोरात मारला की त्याचे बूड तापते, हे आपण लहानपणी हाताने पाहिलेले आहे. दाबली की हवा तापते. बाहेर ३२ अंश असताना टर्बोने सात पौंड दाबलेली हवा ८५ अंशांच्या आसपास पोचते, आणि पंधरा पौंड दाबली तर सव्वाशेच्या. ती थंड करायला पुढे इंटरकूलर नावाची जाळी लावतात. मग ही हवा सिलिंडरमध्ये जाते, तिथे पिस्टन तिला आणखी दाबतो, आणखी तापवतो. खरे तर प्लगने ठिणगी टाकली की आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत गेली पाहिजे. पण उष्णता आणि दाब हद्दीबाहेर गेले तर आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. एक टणत्कार होतो. आमच्याकडचे मेकॅनिक म्हणतात, ‘गाडी नॉक मारतेय.’ नॉक म्हणजे ठोका. इंजिन आतून दार ठोठावत असते. थोडा वेळ ठोठावू दिले तर रिंगा तुटतात, हेड गॅस्केट जाते, पिस्टनला भोक पडते.

हा ठोका कसा येतो, याचा नीट अभ्यास पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाला. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी दाखवून दिले की दोष नुसत्या इंजिनाचा नसतो, पेट्रोलचाही असतो. एक पेट्रोल जो दाब सहन करते तो दुसरे करत नाही. अमेरिकेत १९२१ साली टॉमस मिजली यांना सापडले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग किंचित मिसळले तर ठोका थांबतो. त्याची किंमत जगाने पुढे अनेक दशके मोजली. शिसे हवेत गेले आणि मुलांच्या रक्तात उतरले. १९२०च्या दशकातच पेट्रोलची सहनशक्ती मोजायची पट्टी तयार झाली. तिला आपण ऑक्टेन म्हणतो. आकडा जेवढा मोठा, तेवढा ते पेट्रोल दाब जास्त सोसते. मोठ्या आकड्याच्या पेट्रोलमध्ये ताकद जास्त असते असा आपल्याकडे समज आहे, तो चुकीचा. त्याच्यात सोशिकपणा जास्त असतो.

या सोशिकपणावर एका लढाईत किती अवलंबून होते पाहा. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात स्पिटफायर आणि हरिकेन विमाने लढत होती. त्यांच्या मर्लिन इंजिनात हवा दाबणारा भाता इंजिनाच्याच गियरवर चालत असे. ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर त्यांना सव्वासहा पौंडांची मर्यादा होती. १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले आणि तीच मर्यादा बारा पौंडांवर नेता आली. इंजिन तेच होते. त्याची ताकद हजार अश्वशक्तीच्या आसपासवरून तेराशेपर्यंत चढली. ‘किती पौंड चालतील’ या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळते. टाकीत काय आहे, ते आधी सांगा.

युद्ध संपले, टर्बो मोटारीत आला. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही गाडी निघाली. तिचे कॉम्प्रेशन मुळातच १०.२५ होते, म्हणजे पिस्टन हवेला सव्वादहा पटीने दाबत असे. त्यावर टर्बोचे अवघे पाच पौंड. पण एवढ्यानेही ठोका येऊ लागला. म्हणून कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली, त्यासाठी वेगळी टाकी दिली. मालक ती टाकी भरायला विसरायचे. ती रिकामी झाली की यंत्रणा टर्बोचा दाब तोडून टाकी आणि गाडी मरगळायची. लोक कंटाळले आणि गाडी थोड्याच दिवसांत बंद झाली. उलट १९७८ च्या सुमारास स्वीडनच्या साब कंपनीने ९९ टर्बो काढली, तेव्हा कॉम्प्रेशन ७.२ पर्यंत खाली आणले. मग तिला दहा पौंड पचले. दुसरे उत्तर हे : पाच पौंड जास्त होऊ शकतात आणि दहा पौंड चालू शकतात. पिस्टन आधीच किती दाबतो, तेही विचारा.

याच साबमध्ये १९८२ च्या मॉडेलपासून एक यंत्रणा आली, ती मला कवी म्हणून फार आवडते. इंजिनाच्या अंगाला एक छोटा कान लावला. तो ठोका ऐकतो, आणि ऐकला की लगेच टर्बोचा दाब कमी करतो. पेट्रोल हलके मिळाले तर दाब कमी, चांगले मिळाले तर जास्त. माणसाने आकडा ठरवायच्या ऐवजी इंजिनालाच विचारायचे, असा हा बदल होता. आजच्या प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत हा कान असतो.

त्याच काळात शर्यतीच्या फॉर्म्युला वन गाड्यांत टर्बोचा दाब बाहेरच्या हवेच्या पाचपटीला जाऊन भिडला होता. आमची मुले हे आकडे तोंडपाठ सांगतात. पण ती इंजिने एका शर्यतीपुरती असत आणि त्यांच्या टाकीत पंपावरचे पेट्रोल नसे. टोल्यूइनचे खास मिश्रण असे. अखेर नियम करून दाब आधी चारपट, मग अडीचपट असा उतरवावा लागला आणि १९८९ पासून टर्बोवर बंदीच आली.

आता आपल्या पंपाकडे येऊ. पेट्रोलचा आणि आमच्या किनाऱ्याचा संबंध जवळचा आहे. ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्या १९५४-५५ मध्ये सुरू झाल्या. १९७४ साली मुंबई हायला तेल लागले आणि पुढे समुद्राखालून नळ येऊन ते उरणच्या किनाऱ्याला लागले. पण साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा आपल्याकडे अनेक वर्षे ८७ च्या आसपास होता. म्हणून आपल्या जुन्या गाड्यांची कॉम्प्रेशने बेताची असत. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. मग आकडा ८८ झाला, पुढे ९१. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आहे आणि त्याचा आकडा ९५ सांगितला जातो. म्हणजे आपल्या टाकीत उसाचा अंश आला आहे. इथेनॉल थंडावा देते, ठोका लांबवते, ही चांगली बाजू. पण त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा, तर या मिश्रणाला साडेतेरा पटीच्या आसपास. जुन्या पेट्रोलवर बसवलेले माप या मिश्रणाला लागू पडत नाही, इंधन कमी पडते. सावकाश चालवताना गाडीचा संगणक ते भरून काढतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि टर्बो भरात आला की अनेक गाड्यांत ते जमत नाही. नेमके तेव्हाच तर इंजिनाला जास्त इंधन हवे असते.

आमच्या किनाऱ्यावरची कित्येक कोकणी मुसलमान घरे आखातातल्या कमाईवर उभी आहेत. माझा एक भाचाही दुबईत असतो. गेल्या सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, ‘मामू, तिकडे मित्राने गाडी अठरा पौंडांवर ठेवलीय, काही होत नाही. तोच प्रोग्रॅम मी इथल्या गाडीत टाकणार.’ मी त्याला विचारले, ‘तिकडे पंपावर काय मिळते?’ म्हणाला, ‘पंचाण्णव आणि अठ्ठ्याण्णव. आम्ही अठ्ठ्याण्णवच टाकतो.’ मी त्याला मर्लिनची गोष्ट सांगितली. तो हसला, पण अलिबाग-मुरूड रस्त्यावरच्या ओळखीच्या गॅरेजात माझ्याबरोबर आला. तिथे त्याच आठवड्यात एक इंजिन खोललेले होते. पिस्टनच्या डोक्यावर अंगठा जाईल एवढे भोक. मेकॅनिक म्हणाला, ‘परदेशी प्रोग्रॅम होता, साहेब. गाडी दोन दिवस उडत होती.’ भाच्याने तो पिस्टन बराच वेळ हातात धरून पाहिला.

मग पंपावरच्या पेट्रोलवर पौंड किती? जाणकारांचा ठोकताळा सांगतो. जी गाडी मुळात टर्बोची नाही, जिचे कॉम्प्रेशन नऊ-दहाच्या आसपास आहे, तिला मागाहून टर्बो बसवला तर साध्या पेट्रोलवर पाच ते सात पौंडांपुढे जायला शहाणा माणूस कचरतो. तेही इंटरकूलर असेल, इंधनाचा पुरवठा वाढवला असेल आणि टायमिंग नव्याने बसवले असेल तर. कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेल्या नव्या गाड्या पंधरा पौंड आणि त्याहून जास्त सहज घेतात. पण त्यांचे पिस्टन, थंडाव्याची सोय आणि तो ठोका ऐकणारा कान सगळे त्या आकड्यासाठी बेतलेले असते. त्या आकड्यापुढचा प्रत्येक पौंड त्या कानाला बधीर करून मिळवलेला असू शकतो. पौंड वाढवायचेच तर आधी इंजिन ठोकतेय का याची नोंद उपकरणावर बघावी, भर उन्हात, गाडी तापलेली असताना बघावी. सकाळच्या गारव्यात घेतलेली चाचणी एप्रिलच्या दुपारी उपयोगी पडत नाही.

न्हावा-शेव्याच्या कंटेनरांचे डिझेल ट्रेलर मोठे दाब खुशाल घेतात, त्याचा दाखला पेट्रोल गाडीला देऊ नये. डिझेल इंजिनात दाबायच्या वेळी नुसती हवाच असते, इंधन शेवटी फवारले जाते. अवेळी भडकायला तिथे काही नसतेच. त्यांना मर्यादा पडते ती उष्णतेची आणि लोखंडाच्या ताकदीची.

शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. गाडीच्या मूळ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि असा बदल निघाला तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद ठरलेला. अटल सेतूवर मोटारींना ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा आहे. आमच्या रेवदंडा-मुरूड रस्त्यावर तर नारळी-पोफळीच्या बागांतून शाळेची मुले, म्हशी आणि मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बाया एकाच वेळी रस्ता ओलांडत असतात. तिथे शंभरही फार झाले.

ब्युचीपासून साबपर्यंतच्या माणसांनी दाब वाढवला तो आधी पेट्रोल समजून घेऊन, इंजिन समजून घेऊन, आणि ठोका ऐकत ऐकत. ज्यांनी नुसता आकडा उचलला त्यांच्या हाती भोक पडलेला पिस्टन आला. भाच्याची गाडी अजून कारखान्याच्या आकड्यावरच आहे. जायच्या आधी त्याने गॅरेजातून ठोक्याची नोंद तेवढी काढून घेतली, आणि मला म्हणाला, ‘मामू, पुढच्या सुट्टीत बघू.’