शहराची गरज व डोंगरावरील पवनचक्क्या : कात्रज, मुळशी आणि वनकुसवडे

प्रस्तावना

पवनचक्क्या ग्रामीण भागात उभाराव्यात की शहरांच्या निकट, हा प्रश्न वरकरणी अभियांत्रिकीचा वाटतो. वारा जेथे अधिक तेथे यंत्र, असे त्याचे सरळ उत्तर दिले जाते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. शहराला लागणारी वस्तू शहराबाहेर निर्माण करावयाची आणि तिचा भार तेथील जमिनीने वाहावयाचा, हा व्यवहार महाराष्ट्रात पवनचक्क्यांपेक्षा फार जुना आहे. प्रस्तुत लेखात कात्रज, मुळशी आणि सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे या तीन स्थळांच्या आधारे या व्यवहाराचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा विचार केला आहे.

कात्रज : पाण्याचा मार्ग

बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकिर्दीत, इ. स. १७५० च्या सुमारास, पुण्याच्या दक्षिणेस कात्रज येथे आंबील ओढ्याचे पाणी अडवून तलाव बांधण्यात आला. तेथून सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या, चुन्यात बांधलेल्या भुयारी नळातून पाणी शहरात आणले गेले. मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून हवा बाहेर पडे आणि नळाची देखभालही करता येई. शनिवारवाडा व पेठांतील हौद या पाण्यावर भरत. संपूर्ण योजना केवळ उताराच्या बळावर चालत असे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, तलावाची जागा शहराच्या सोयीने नव्हे, तर डोंगराच्या उताराने ठरविली. निसर्गाने ठरविलेल्या जागी बांधकाम करावे आणि लाभ दूर न्यावा, हे तत्त्व पवनचक्कीपूर्वी अडीच शतके येथे अमलात आले होते. दुसरी गोष्ट अशी की, या पाण्याचा शेवट सार्वजनिक हौदावर होत असे. लाभ कोठे जातो, हे डोळ्यांना दिसत होते.

मुळशी : विजेचा मार्ग

विसाव्या शतकात पाण्याऐवजी वीज दूर नेणे शक्य झाले आणि अंतराचा अर्थच बदलला. टाटांच्या जलविद्युत योजनेतील खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये व भिरा येथील १९२७ मध्ये सुरू झाले. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवावयाचे, ते पश्चिमेकडे कोकणात सोडावयाचे आणि निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, अशी ही रचना होती.

भिऱ्याच्या वीजगृहासाठी मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने मिळवून दिली. १९२४ पर्यंत चाललेला हा लढा धरण थांबवू शकला नाही. मात्र त्याने एक प्रश्न कायमचा नोंदवून ठेवला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ‘सार्वजनिक हित’ या शब्दांखाली जमीन घेता येत होती. परंतु ते सार्वजनिक म्हणजे नेमके कोण? ज्यांची भातखाचरे बुडाली त्यांच्या घरी दिवा लागणार नव्हता. शिवाय मोबदल्याचा प्रश्न जमिनीचा मालक आणि ती प्रत्यक्ष कसणारा यांच्यासाठी एकसारखा नव्हता. राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवरील आपल्या अभ्यासात हे अंतर्विरोध विस्ताराने मांडले आहेत.

वनकुसवडे : वाऱ्याचा मार्ग

भारतात पवनविद्युतेचे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प १९८६ मध्ये उभे राहिले. त्यांत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगडचा समावेश होता. खाजगी गुंतवणुकीचे पर्व महाराष्ट्रात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि त्याचे प्रमुख क्षेत्र सातारा जिल्हा ठरले. पाटण तालुक्यातील वनकुसवड्याचे पठार व त्याच्या परिसरातील चाळकेवाडीचा सडा यांवर शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

जागेची ही निवड शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय होती. वाऱ्यातील शक्ती ही त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाल्यास उपलब्ध शक्ती आठपट होते आणि निम्मा झाल्यास ती एक अष्टमांशावर येते. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या माथ्यावर ज्या जोराने येतात, तो जोर घाटामागील शहरात उरत नाही. तेथे इमारतींमुळे वाऱ्याचा प्रवाह विस्कळीत होतो. तारांमधून वीज नेताना होणारी हानी या तोट्याच्या मानाने अल्प असते. यास्तव पुण्यासारख्या शहराच्या गच्च्यांवर पवनचक्क्या बसविणे हा मोठ्या उत्पादनाचा पर्याय ठरत नाही.

परंतु गुंतवणुकीची प्रेरणा केवळ वाऱ्यात नव्हती. त्या काळात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा आयकरात वजा करता येत असे. पुढे हे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले. त्यामुळे नफ्यातील उद्योगांना पवनचक्की हे करबचतीचे साधनही ठरले. पुण्यातील बजाज ऑटोसारख्या उद्योगाने वनकुसवड्यास पवनचक्क्या उभारल्या. वीजवहनाच्या व्यवस्थेमुळे पठारावर निर्माण झालेल्या विजेचा हिशोब शहरालगतच्या कारखान्यात मांडता येतो. येथे कात्रजच्या हौदासारखे दिसणारे टोक नाही. लाभ बिलात आणि ताळेबंदात असतो.

पाटण तालुक्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. कोयना धरणासाठी गावे उठली, ती या तालुक्यातीलही होती. पाणी, नंतर वारा, अशा दोन्ही मार्गांनी एकाच डोंगरी प्रदेशाने दूरच्या गरजा भागविल्या.

पठार मोकळे होते काय?

‘ओसाड माळ’ हा शब्द भूसंपादनाच्या भाषेत नेहमी आढळतो. सडा पिकाखाली नसतो. पण तो रिकामाही नसतो. गुरे चारण्यासाठी त्याचा उपयोग होतो आणि तेथे स्वतंत्र जीवसृष्टी असते. चाळकेवाडी परिसरात मारिया ठाकर व सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या क्षेत्रात शिकारी पक्ष्यांची संख्या जवळजवळ चौपटीने कमी आढळली आणि त्यांचे भक्ष्य असलेल्या सरड्यांची संख्या वाढली, असे त्यात दिसून आले. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या परिसरातील पवनविद्युत प्रकल्पावर माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात टीका केली होती. तेथील प्रश्न वनजमिनीचा, रस्त्यांसाठी झालेल्या डोंगरतोडीचा आणि स्थानिकांच्या हक्कांचा होता. धूर नसलेले यंत्रही जमीन व्यापते, ही बाब या दोन्ही उदाहरणांतून स्पष्ट होते.

शहराजवळचा पर्याय

शहरालगत पवनचक्की नसतेच, असेही नाही. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिच्या बंदरासमोर मिडेलग्रुंडन येथे २००० साली दोन मेगावॉटच्या वीस पवनचक्क्या समुद्रात उभारण्यात आल्या. शहरातून त्या दिसतात. त्यांपैकी निम्मी मालकी नागरिकांच्या सहकारी संस्थेकडे देण्यात आली. तेथे वारा शहराच्या दारात होता, हे भाग्य. पण मालकीची रचना मात्र माणसांनी ठरविलेली होती. सहकाराची दीर्घ परंपरा असलेल्या महाराष्ट्रात साखर व दूध या क्षेत्रांत जे घडले, ते वाऱ्याच्या बाबतीत त्या प्रमाणात घडले नाही.

निष्कर्ष

कात्रजचा इतिहास या वादात एक वेगळाच मुद्दा पुढे आणतो. ज्या काळी तलाव बांधला गेला, त्या काळी कात्रज शहराबाहेरचे खेडे होते; आज ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. ज्या आंबील ओढ्याने शहराला पाणी दिले, त्याच ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलेल्या पुराने काठच्या वस्त्यांत जीवितहानी केली. ‘ग्रामीण’ आणि ‘शहरी’ या सीमा स्थिर नसतात, आणि आज दूर ठेवलेला भार उद्या शहराच्याच अंगणात येऊ शकतो.

यावरून असे म्हणता येईल की, मोठ्या पवनचक्क्यांची जागा वाऱ्याने ठरवावी, हे मान्य करावे लागते. परंतु त्यांच्या लाभाची वाटणी वारा ठरवीत नाही. ती कायदा, करपद्धती आणि मालकीची रचना ठरविते. शहराने स्वतःच्या छतांवरील सूर्यप्रकाश प्रथम वापरावा, पठाराकडे त्यानंतर हात पसरावा. आणि पसरावयाचाच झाल्यास तेथील ग्रामस्थांना एकदाच दिलेल्या मोबदल्याऐवजी उत्पन्नातील कायम हिस्सा द्यावा. मुळशीने १९२१ मध्ये विचारलेल्या प्रश्नाला वनकुसवड्याच्या पठारावर अद्याप पूर्ण उत्तर मिळालेले नाही. ते मिळाल्याशिवाय ‘गावात की शहरात’ हा वाद केवळ जागेचा वाद राहील, न्यायाचा होणार नाही.