रमाबाई रानडे यांचे ‘स्वतः’

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकातील भुजंगनाथाचा तिरस्कार करणे सोपे आहे. महादेव गोविंद रानडे यांच्या विवाहाविषयी तितका सरळ निवाडा देता येत नाही. १८७३ साली पहिली पत्नी निवर्तल्यावर हा सुधारक विधवेशी विवाह करील, या धास्तीने वडिलांनी तातडीने स्थळ ठरविले. पुत्राने विरोध केला, परंतु पित्राज्ञा मोडली नाही. वर ३१ वर्षांचा, वधू ११ वर्षांची. सुधारकांनी त्यांना दिलेला दोष अनाठायी नव्हता.

या विषम सहजीवनाचे अंतरंग रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात उमटले आहे. पतीनेच त्यांना अक्षरओळख करून दिली, पुढे इंग्रजीही शिकविले. त्यापायी घरातील स्त्रियांचा जाच मात्र रमाबाईंच्याच वाट्यास आला. गुरू, पालक आणि प्रियकर एकाच पुरुषात एकवटल्यामुळे त्याचे नुसते मौनही त्यांना शिक्षेसारखे जाणवे.

पतीचा निर्देश त्या ‘स्वतः’ असा करतात. (१९३८ च्या इंग्रजी अनुवादाचे नावच ‘हिमसेल्फ’ असे आहे.) नाव न घेण्याच्या रूढीतून आलेल्या या शब्दात आदर किती, धाक किती आणि अनुराग किती, हे वेगळे काढता येत नाही, ग्रंथाचे खरे वाङ्मयीन मोल कदाचित येथेच आहे.

१९०१ साली रानडे वारले, तेव्हा रमाबाईंनी चाळिशीही गाठलेली नव्हती. पुण्याचे सेवासदन, स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ आणि या आठवणी, हे सारे त्यानंतरच्या २३ वर्षांतले.