जुना तलाव, नवे पाणी

सिंदखेडराजाचा मोती तलाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. लखुजीराव जाधवांच्या नावाशी जोडलेल्या या तलावाचे दगड जुने, पण पाणी दर पावसाळ्यात नवे. मात्र तलाव नुसत्या भक्कम बांधाच्या जोरावर टिकत नाही. गाळ उपसणारे हात असावे लागतात. २०१८ साली भारतीय जैन संघटनेच्या पुढाकाराने बुलढाणा जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढण्याचे मोठे काम झाले, तेव्हा हेच सत्य पुन्हा पटले. संगणकासारख्या कालपरवाच्या वस्तूचा इतिहासही तेच सांगतो, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. पण ती हकीकत मोठी रंजक आहे.

१९८२ साली अमेरिकेत ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला हे जन्माने पुण्याचे. शास्त्रज्ञ व अभियंते यांच्या मेजावर राहतील अशी दणकट यंत्रे, म्हणजे वर्कस्टेशन, ही कंपनी बनवी. १९८९ चे ‘स्पार्कस्टेशन १’ मिठाईच्या चपट्या खोक्याएवढे होते. त्याचा वेग २० मेगाहर्ट्झ आणि स्मृती फार तर ६४ मेगाबाइट! पुढे याच स्पार्क घराण्यातील प्रक्रियक पुण्याच्या सी-डॅकने १९९८ साली ‘परम १००००’ या महासंगणकात बसवले. सी-डॅकच्या उभारणीचे नेतृत्व करणारे विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे.

यंत्र कितीही दणकट असले तरी ते चालवायला ऑपरेटिंग सिस्टीम लागते. ती म्हणजे घरातील कर्ती बाईच म्हणा ना. कोणाला काय, केव्हा आणि किती द्यायचे हे तीच ठरवते. सनने २००५ च्या ‘सोलारिस १०’ पासून ३२ बिटांच्या जुन्या स्पार्क यंत्रांना रामराम ठोकला. २०१० मध्ये खुद्द सनच ओरॅकल कंपनीने विकत घेतली. यंत्रे धडधाकट होती, पण त्यांच्या तलावाच्या चाव्या परक्या हाती होत्या. गाळ साचला तरी कोणी उपसायचा?

येथे दुसरा प्रवाह येऊन मिळतो. बर्कले विद्यापीठात वाढलेल्या युनिक्सच्या वंशातून १९९३ साली ‘नेटबीएसडी’ निघाली. तिच्या आज्ञा कोणालाही वाचता, सुधारता आणि वाटता येतात. २०२४ साली आलेली तिची १० वी आवृत्तीही त्या जुन्या स्पार्क यंत्रांवर चालते. बांधणीचे जड काम आजच्या वेगवान संगणकावर उरकायचे, आणि तयार प्रणाली तारेवरून जुन्या यंत्रात उतरवायची. एक अडचण मात्र ठरलेली: यंत्राची वेळ आणि ओळख सांभाळणाऱ्या चिपमधली बॅटरी मरते. हौशी मंडळी ती चिप कानशीने कोरून, बाहेर नवी बॅटरी डाख देऊन जोडतात.

आजची भरजरी संकेतस्थळे या यंत्राला पेलत नाहीत, हेही खरे. आणि नुसता खुलेपणाही पुरत नाही. लिनक्सने २०१२ साली ३८६ या प्रक्रियकाचा आधार काढला, ज्यावर तिचा जन्म झाला होता! डेबियननेही २०१५ च्या आवृत्तीत स्पार्क सोडले. दोन्ही प्रणाली खुल्याच होत्या. पण जुन्या यंत्रांची काळजी वाहणारी माणसे कमी झाली होती.

तेव्हा तात्पर्य दुहेरी आहे. गाळ काढण्याचा हक्क गावाला असला पाहिजे, आणि फावडे हाती घेणारा कोणीतरी गावात असला पाहिजे. यांपैकी एकानेच भागत नाही. आज आपली शाळेची दप्तरे, जमिनीचे उतारे, घरची छायाचित्रे, सारे संगणकात जाऊन बसले आहे. त्या तलावांच्या चाव्या कोणाकडे आहेत आणि फावडे कोण धरणार, हे दिवाळीच्या साफसफाईत जुनी यंत्रे भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा विचारून पाहावे.