जुनें तारूं पुन्हां उभें करणें

ओहोटीच्या वेळीं पनवेलच्या खाडीकडे पाहिलें तर डोळ्यांस चिखलच अधिक दिसतो. येथें एके काळीं शिडांची दाटी असे, हें नव्या पिढीस सांगितलें तर तिला ती अतिशयोक्तिच वाटेल. परंतु रेल्वे होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास निघालेला मनुष्य नावेनें पनवेलीस उतरे, व येथून खोपोलीवरून बोरघाट चढे. १८३० च्या नोव्हेंबरांत त्या घाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां देशावरचा माल बैलगाड्यांनीं धक्क्यापर्यंत येऊं लागला, आणि मचवे व पडाव तो ओहोटीबरोबर मुंबईस नेऊं लागले. पुढें १८६३ सालीं आगगाडीनेंच घाट जिंकला, व बंदराचें वैभव ओसरत गेलें.

लाकडी नावेचें आयुष्य तिच्या कमाईएवढेंच असतें. कमाई थांबली कीं डागडुजी थांबते. मग उन्हानें फळ्या आकसतात, सांध्यांतील कापूस व राळ निखळते, पावसाचें पाणी आंत मुरतें, आणि थोड्याच पावसाळ्यांत नाव सरपणाच्या मोलाची होते. खारें पाणी लाकडास तितकें मारीत नाहीं. मारतें तें गोडें पाणी. ज्यांनीं आपल्या ख्रिस्तमंदिराचें जुनें छप्पर कधीं उघडून पाहिलें असेल, त्यांस हें निराळें सांगावयास नको.

अशा स्थितींत आपल्याच किनाऱ्यावर बांधलेलें एक शिडाचें जहाज दोनशे वर्षांहून अधिक काळ कसें टिकलें, ही गोष्ट ऐकण्याजोगी आहे.

मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील पारशी कारागीर कित्येक पिढ्या जहाजें बांधीत. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांत इंग्लंडांत ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला, आणि आरमाराची दृष्टि मलबारच्या सागाकडे वळली. सागांत स्वाभाविक तेल असतें. त्यामुळें ओकमधील आम्लानें लोखंडी खिळा जसा खाल्ला जातो, तसा तो सागांत खाल्ला जात नाहीं. १८१२ सालीं ‘त्रिंकोमाली’ नांवाच्या लढाऊ जहाजाची मागणी झाली. पण त्याचे नकाशे घेऊन निघालेलें ‘जावा’ हें जहाज त्याच डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नें जिंकलें व पुढें जाळून टाकलें. नकाशे पुन्हां मागवावे लागले. अखेर १८१६ च्या मे महिन्यांत जहाजाच्या कण्यांत, ज्यास दर्यावर्दी लोक पठाण म्हणतात त्यांत, पारशी रीतीप्रमाणें रुप्याचा खिळा ठोकून कामास आरंभ झाला. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं तें सिद्धीस नेलें, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं जहाज पाण्यांत उतरलें.

इंग्लंडास पोहोंचेपर्यंत युद्ध संपलेलें! नव्या जहाजाच्या डोलकाठ्या उतरवून तें नुसतें बांधून ठेवण्यांत आलें. १८४७ पासून पुढें दहा वर्षें, मध्यें थोडा खंड पडून, अटलांटिक व प्रशांत महासागरांत त्यानें चाकरी केली. नंतर खलाशांच्या शिक्षणासाठीं तें वापरलें गेलें. १८९७ सालीं तें मोडींत विकलें. त्याच वर्षीं व्हीटली कॉब या गृहस्थांचें ‘फूद्रोयां’ हें जहाज वादळांत फुटलें होतें. त्यांनीं हें मोडींतलें जहाज विकत घेऊन त्यास तेंच नांव दिलें. मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्याचें त्याचें काम १९८६ पर्यंत चाललें. हें जहाज कोणीं पूजेसाठीं ठेवलें नव्हतें. दर पिढीस त्याचा कांहींना कांहीं उपयोग सांपडत गेला, व उपयोगापुरती दुरुस्ति होत गेली. माझ्या मतें तें वाचण्याचें खरें कारण हेंच.

१९८७ सालीं एका तराफ्यावर चढवून तें हार्टलपूल येथें नेण्यांत आलें, आणि १९९० ते २००१ पर्यंत त्याचें पुनरुज्जीवन चाललें. बांधण्यास दीड वर्षाहून कमी, पुन्हां उभें करण्यास अकरा वर्षें! नवें बांधणारा सुतार लाकूड रचीत जातो. जुनें दुरुस्त करणाऱ्यास आधीं उलगडावें लागतें. एक फळी काढली कीं मागचा वांक कुजलेला निघतो, वांक काढावा तर कणा ढळूं पाहतो, म्हणून चहूंकडून टेकू देऊन एका वेळीं थोडेंच काढावें लागतें. शिवाय कोणत्या काळचें जहाज उभें करावयाचें? १८४० नंतर त्याची पिछाडी बदलली होती, तोफा कमी केल्या होत्या. तो फेरफारही इतिहासच होता. खर्च एक कोटी पौंडांच्या आसपास गेला. तरी अर्ध्याहून अधिक लाकूड मूळचेंच राहिलें. १९९२ सालीं त्यास जुनें नांव परत मिळालें.

आपल्याकडे एखादा जुना मचवा सांवरावयाचा कोणीं मनांत आणलें, तर अडचण निराळी येईल. कोकणांतील सुतार नकाशा काढीत नसत. वांकाचा बाक त्यांच्या डोळ्यांत व हातांत असे. म्हणून पहिली फळी उचकटण्यापूर्वीं सारी नाव दोरीनें मोजून, मापें कागदावर उतरवून घेतलीं पाहिजेत, व पावसाळ्यापूर्वीं वर छप्पर उभें केलें पाहिजे. पुष्कळ उत्साही मंडळी रंगापासून आरंभ करितात! आणि काम पुरें झाल्यावर नाव कोण चालवील, हें आरंभींच ठरवावें.

ज्या ‘कॉन्स्टिट्यूशन’मुळें नकाशे बुडाले, तेंही अमेरिकेंत बोस्टन येथें अद्याप तरंगत आहे. पाण्यावर राहिलेल्या जुन्या युद्धनौकांत तें पहिलें, व मुंबईचें ‘त्रिंकोमाली’ दुसरें गणलें जातें. पाण्यांत असल्यानें त्याच्या फळ्या फुगून सांधे घट्ट राहतात. आणि पाण्यांत असल्यानेंच हार्टलपूलच्या कारागिरांस त्याच्या देखभालींतून कधीं सुटी मिळत नाहीं.