उट्रेख्टच्या छापखान्यात

कान झाका! डोम मनोऱ्यातल्या घंटा थेट डोक्यावर घणघणताहेत. साल १७१४, गाव नेदरलँड्समधलं उट्रेख्ट. मनोरा एकीकडे, चर्च दुसरीकडे आणि मधे दगडांचा ढीग. १६७४ च्या वादळात चर्चचा मधला भाग कोसळला, तो अजून तसाच पडून आहे. जपून चाला, दगड निसरडे झालेत.

आता खाली कालव्याकडे उतरा. पाण्याला लागून तळघरांची रांग आहे. पिंपं गडगडत आत-बाहेर होताहेत, हमाल ओरडताहेत. बाजूला सरा, नाहीतर पायावर पिंप येईल! खारवलेल्या माशांचा उग्र दर्प, कालव्याच्या पाण्याची कुबट घाण आणि घराघरातून येणारा धूर. दलदलीतून काढलेली काळी माती वाळवून इथे चुलीत घालतात. तिचा धूर तुमच्या कपड्यांत मुरलाच म्हणून समजा.

छापखान्यात शिरताना नाक दाबून घ्या. शाई लावायचे चामड्याचे गोळे मऊ राहावेत म्हणून रात्रभर मुतात भिजवलेले असतात. त्यात जवसाच्या तेलातल्या शाईचा वास मिसळलेला. यंत्राचा दांडा ओढणारा घामाघूम झालाय, लाकूड करकरतंय. वर दोऱ्यांवर ओले कागद लटकताहेत, वाकून जा. कोपऱ्यात जुळारी खणातून एकेक खिळा उचलतोय, लॅटिनच्या ओळीत मधेच ग्रीक शब्द बसवतोय.

इथे छापला जातोय पॅलेस्टाइनच्या प्राचीन भूगोलाचा दोन खंडांचा ग्रंथ. लेखक आद्रियान रेलांड, इथल्याच विद्यापीठात पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक. त्या भूमीवर त्यांनी पाऊलही ठेवलेलं नाही. मग तिथले डोंगर, नद्या, गावं इतक्या बारकाईने मांडली कशी?

त्यांची रीत तुम्हीच करून पाहा. जेरुसलेमहून जेरिको किती लांब? पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस सांगतो, १५० स्टेडिया. इ. स. ३३३ मध्ये बोर्दोहून गेलेला यात्रेकरू सांगतो, १८ मैल. आठ स्टेडियांचा एक रोमन मैल. भागा बघू! पावणेएकोणीस. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन साक्षीदारांची जबानी जुळली की अंगावर कसा काटा येतो! रेलांड गावामागून गाव अशाच जुन्या साक्षी गोळा करतात, एकमेकींशी ताडून पाहतात.

आता बाहेर या आणि त्यांचं १७०५ चं पुस्तक हातात घ्या. ते इस्लामबद्दल आहे. पहिल्या भागात मुसलमानांच्या श्रद्धा त्यांच्याच अरबी मजकुरातून दिल्यात, शेजारी लॅटिन भाषांतर. दुसऱ्या भागात युरोपात पसरलेल्या अफवांची झडती. ‘मुसलमानांच्या मते बायकांना स्वर्गात जागा नाही’, असं लोक बिनदिक्कत सांगतात. कुराण उघडा: सत्कृत्य करणाऱ्या पुरुषाला आणि स्त्रीला, दोघांनाही स्वर्गाचं वचन तिथे दिलेलं आहे.

रेलांड स्वतः श्रद्धाळू प्रोटेस्टंट. इस्लाम त्यांना पटलेला नाही. पण न पटणाऱ्या धर्माबद्दलही खोटं बोलू नये, यावर ते ठाम आहेत. एवढ्या सरळ गोष्टीलाही त्या काळी धैर्य लागत होतं. पुढे रोमच्या चर्चने हे पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं.

१७१८ मध्ये देवीच्या साथीने रेलांड गेले, अवघ्या ४१ व्या वर्षी. त्यांचे निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी तपासले, काही बदललेही. त्यांची रीत मात्र आजही आपल्या कामाची आहे. दुसऱ्याच्या धर्माबद्दल काही कानावर आलं, तर ते पुढे सांगण्याआधी त्याचा ग्रंथ उघडा आणि तो स्वतः काय म्हणतो, ते वाचा.